कोल्हापूर पूर: चर्चच्या तरुण संघाला सेवेला यायचंय, कधी यावं आणि काय आणावं?

तरुणसंघ_पुणे:

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

2019 आणि 2021 सारखा पूर कोल्हापुरात पुन्हा आलाच, तर नुसतं दानार्पण पाठवून थांबायचं नाही, माणसं घेऊन सेवेला यायचं, असं आमच्या मंडळीच्या तरुण संघाने ठरवलंय. पंचवीस मुलं-मुली तयार आहेत. बहुतेक कॉलेजची आणि आयटीतली, अंगमेहनतीची सवय कमी, पण मनापासून यायचं म्हणतात. आठवडाभराची रजा मिळेल.

सध्याचा बेत असा: पाणी चढल्याची बातमी आली की लगेच निघायचं. सोबत एक टेम्पो कपडे आणि धान्य, प्रत्येक किटमध्ये शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका. आमच्या सहयोगी चर्चचे तीन पाहुणे परदेशातून येऊ शकतात आणि थोडी देणगीही आणतील म्हणतात.

तिथल्या जाणकारांनी सांगावं: कधी यावं, कुठल्या भागात जावं, काय आणावं, परवानगी कुणाची घ्यावी? बेतात चूक असेल तर स्पष्ट सांगा, राग नाही.

पंचगंगा_घाट:

सलाम दादा. स्पष्टच सांगतो. पाणी चढताना निघू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला. म्हणजे तुमचा टेम्पो किणी टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे अडकणार आणि त्यात पंचवीस जणांच्या जेवणाची सोय करायची वेळ कोल्हापूरकरांवरच येणार. त्या दिवसांत लागतात त्या बोटी आणि पोहणारी माणसं. ते काम एनडीआरएफ, व्हाईट आर्मी (इथली स्वयंसेवी बचाव संघटना) आणि गल्लोगल्लीच्या तालमी करतात. शिजवलेलं अन्नही त्या आठवड्यात कमी पडत नाही, उलट वाया जातं.

तुमची गरज लागते ती पाणी ओसरल्यावर. तेव्हा टीव्हीवाले निघून गेलेले असतात, स्थलांतर केंद्रं बंद होत असतात आणि माणूस घरी येऊन दार उघडतो तर आत गुडघाभर गाळ. ओसरल्यापासूनचे पहिले दहा-पंधरा दिवस हा तुमचा काळ. शहरात शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प, सुतारमळा, जामदार क्लबचा भाग, दुधाळी. शहराला लागून आंबेवाडी आणि प्रयाग चिखली. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात, तिथली फूग (मागं तुंबलेलं पाणी) उतरायला शहरापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून एकच तुकडी असेल तर आधी शहराकडचं काम, मग शिरोळ. दोन तुकड्या करता आल्या तर त्याहून बरं: बारा जण पहिल्या आठवड्यात, तेरा दुसऱ्या. पंचवीस जण एकदम एका गल्लीत मावतच नाहीत.

परवानगीचं म्हणाल तर निघण्याआधी इथल्या एखाद्या चर्चच्या पाळकांशी बोला. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून इथं मिशनचं काम आहे, मंडळ्या जुन्या आहेत, कुणाचं घर कुठं आणि तलाठी कोण हे त्यांना ठाऊक असतं. उतरायची सोय त्यांच्या हॉलमध्ये होईल, पण रेशन, गॅस आणि पिण्याचं पाणी तुमचं तुम्ही आणा. दुसरं, गावात ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना, शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा: किती जण, किती दिवस, कोणतं काम, प्रमुखाचा नंबर. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, तिथंही नोंद करा म्हणजे जिथं कुणीच पोचलं नाही तिकडं ते पाठवतील. घरांची यादी मंडळीच्या सभासदांची करू नका, गल्लीची करा. एका टोकाकडून सुरू करून सरळ पुढं जायचं. भाडेकरू, एकट्या म्हाताऱ्या बायका आणि गावाबाहेरची वस्ती यादीत सगळ्यात आधी सुटते, ती मुद्दाम विचारून घ्या.

कपड्यांचा टेम्पो पूर्ण रद्द करा. जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या व्हरांड्यात कुजतात आणि ते उचलायला पुन्हा माणसं लागतात. त्याऐवजी नव्या वस्तू, एका घराला एक संच: चटया, सोलापुरी चादरी, मच्छरदाणी, दोन पातेली, तवा, परात, कळशी, खराटा, साबण, बायकांसाठी सॅनिटरी पॅड आणि नवी अंतर्वस्त्रं. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात वर्षाची केलेली कांदा-लसूण चटणी, शेवया, पापड सगळं पुरात जातं. सरकारी गहू-तांदूळ मिळतो, पण तिखट कुठून येणार? घरामागं दोन किलो चटणी आणि दोन लिटर तेल दिलंत तर त्या घरात त्या दिवशी खरं जेवण शिजेल.

पुस्तिकेबद्दल: किटमध्ये एकही कागद घालू नका. 1994 ची रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची आचारसंहिता सांगते की मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक किंवा राजकीय भूमिकेच्या प्रसारासाठी करायचा नाही. ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या आपल्याच ख्रिस्ती संस्था होत्या. ज्याचं घर वाहून गेलंय तो नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याच्या हातात तांदळाबरोबर पुस्तिका ठेवायची नाही. आणि तुम्ही निघून गेल्यावर गल्लीत शंकेची उत्तरं इथल्या मंडळीला द्यावी लागतात. टी-शर्ट साधे, बॅनर नको, पूरग्रस्तासोबत किट हातात धरून फोटो नको.

कुरुंदवाडी:

वरचं सगळं बरोबर. मी गावाकडच्या कामाचं सांगतो, ग्रामपंचायतीच्या बाजूने.

गाळ काढायच्या आधी पंचनामा. उत्साही पोरं येतात, दोन तासांत घर लख्ख करतात, भिजलेलं धान्य, गाद्या, कपाट सगळं ट्रॉलीत, आणि दुसऱ्या दिवशी तलाठी येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. म्हणून दारात पोचल्यावर पहिला प्रश्न: पंचनामा झाला का? झाला नसेल तर एकाने मालकाला सोबत घेऊन फोटो काढायचे. भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्याची रेघ, प्रत्येक खोली, भिजलेली पोती मोजून, मेलेलं जनावर असेल तर त्याच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट. फोटो मालकाच्या मोबाइलवर पाठवायचे, तुमच्याकडे ठेवायचे नाहीत. आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक भिजलं असेल तर पानं सुटी करून सावलीत वाळवायची, इस्त्री फिरवायची नाही. भाडेकरूचं सामान गेलं तरी पंचनाम्यात कित्येकदा फक्त घरमालकाचं नाव लागतं. भाडेकरूचा जबाब वेगळा घ्यायला सांगा.

मग भिंती. आमच्याकडं जुनी घरं पांढऱ्या मातीची आणि भेंड्याची (कच्च्या मातीच्या विटांची). पाण्यात असताना भिंत उभी राहते, पाणी उतरल्यावर दोन-चार दिवसांनी पडते, कारण आतून भिजून ती जड आणि मऊ झालेली असते आणि बाहेरचा पाण्याचा आधार गेलेला असतो. भिंतीला पोट आलंय, कोपऱ्यात उभी चीर गेलीय, तुळई सरकलीय, यातलं एक जरी दिसलं तर आत जायचं नाही. पंचायतीला कळवायचं आणि पुढचं घर धरायचं. घरच्या माणसाने आग्रह केला तरी नाही.

घर धड असेल तर दारं-खिडक्या उघडून अर्धा तास थांबा. भिजून आंबलेल्या ज्वारी-गव्हाच्या बंद खोलीत प्राणवायू कमी झालेला असतो. आत शिरताना काठी आपटत जा, चटईखाली आणि चुलीमागं घोणस, नाग, मण्यार काहीही असू शकतं. कुणाला चावलंच तर बांधाबांधी, कापाकापी नको, चावलेला भाग हलवू नका, 108 ला फोन आणि सरळ सीपीआर (कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय.

गाळ ओला असतानाच निघतो. ही काळी माती आहे, चार दिवस ऊन लागलं की टिकावानेसुद्धा ऐकत नाही. आठ जणांची एक तुकडी: दोघं खोऱ्याने ओढणार, दोघं घमेली भरणार, तिघं साखळीने बाहेर देणार, आणि एक जण घरच्या बाईसोबत उभा राहून प्रत्येक वस्तू ठेवायची की टाकायची हे विचारणार. हा आठवा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. चिखलातून निघालेली टोपली तुमच्या दृष्टीने कचरा असेल, तिच्यात मंगळसूत्राची डबी असू शकते. घमेलं अर्धंच भरा, ओल्या गाळाचं पूर्ण घमेलं नवख्याच्या कमरेला झेपत नाही. भिजलेली कापसाची गादी उचलायच्या भानगडीत न पडता विळ्याने कापून तुकडे करा. गाळ गटारीत लोटू नका, पुढच्या पावसात तेच पाणी घरात येतं. ट्रॉली जिथं उचलणार तिथंच ढीग. प्रेशरचा पंप फक्त शहाबादी फरशीवर आणि सिमेंटच्या गिलाव्यावर. मातीच्या भिंतीवर मारलात तर भिंत धुऊन जाईल.

विहीर हा वेगळा विषय आहे आणि इथं उत्साहाने नुकसान होतं. पूर उतरल्या उतरल्या मोटर लावून विहीर पूर्ण उपसू नका. भोवतीची जमीन पाण्याने तुडुंब असते, आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरचा दाब बांधकामावर येतो आणि दगड ढासळतात. विहिरीत कुणी उतरायचंही नाही. वरचा तरंगता कचरा काढायचा, थोडं थोडं उपसून पाणी निवळू द्यायचं, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर).

हिशेब असा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली मीटरमध्ये, गुणिले 785. आलं ते लिटर. 4 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी असेल तर 62,800 लिटर. नेहमीचा डोस 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे साधारण 157 ग्रॅम. पुरानंतर दुप्पट धरून सुरुवात करा, 315 ग्रॅमच्या आसपास. बादलीत एका वेळी 100 ग्रॅमच्या वर घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो तो टाकून द्यायचा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला हलवायची. एक तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायची चाचणी), ती पंचायतीच्या जलसुरक्षकाकडून करून घ्या. पिवळा रंग आला आणि उर्वरित क्लोरीन 0.5 पीपीएम भरलं तर ठीक. रंग आलाच नाही तर पाण्यातल्या घाणीने क्लोरीन खाल्लंय, पुन्हा डोस द्या. टीसीएलचं पोतं उघडं पडलेलं किंवा ओलं झालेलं असेल तर त्यात जोर नसतो, हे अपयशाचं सगळ्यात सामान्य कारण. नवं, बंद पाकीटच घ्या. आणि टीसीएल कधीही फरशी धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.

सिस्टर_मिरज:

पोरांच्या तब्येतीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पुरानंतरच्या गाळात मोठी भीती लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर-जनावरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतात आणि पायाच्या बारीक भेगेतूनसुद्धा अंगात शिरतात. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन 200 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, मोठ्या माणसाला. पण ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. गरोदर बायकांना नाही, लहान मुलांना नाही. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं पडायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. गोळी घेतली म्हणून गमबूट सोडायचे नाहीत. गमबूट जाड तळाचे, गाळात खिळे आणि पत्रे असतात. रबरी हातमोजे माणशी दोन जोड. गाळ वाळून धूळ उडायला लागली की एन-95 मास्क.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर निघण्याआधी घ्या. मधुमेह असलेल्यांना आणि पायावर जखम असलेल्यांना गाळात उतरवू नका. त्यांना यादी, स्वयंपाक, कागदपत्रं ही कामं द्या, ती काही कमी नाहीत. कामात जखम झाली तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी, आणि त्या दिवसापुरतं ते माणूस बाहेर. दर 45 मिनिटांनी पाणी, दुपारी ओआरएस. गमबूट-हातमोज्यांत घाम किती जातो ते कळत नाही आणि पुण्याची पोरं चक्कर येऊन बसतात.

घरी परतल्यावर महिनाभर लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्या फार दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर क्रोसिन घेऊन झोपू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की पुराच्या गाळात काम केलंय. ते सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून चार दिवस जातात आणि तेवढ्यात मूत्रपिंडावर येऊ शकतं.

तारमार्ग:

विजेचं थोडक्यात. घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद आहे का ते घरमालकाला विचारा. मेन स्विचच ओला असेल तर कुणी हात लावायचा नाही, महावितरणला 1912 वर कळवा. लाइट गेलेली आहे म्हणून बोर्ड मेलेला आहे असं धरू नका. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीचा पुरवठा आत चालू असतो, तो आधी तोडायचा. पाणी गेलेला बोर्ड उघडून स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा लागतो, स्विच आणि एमसीबी बदललेलेच बरे. वायरमनने मेगर लावून इन्सुलेशन एक मेगाओहमच्या वर दाखवल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नाही. वाळल्यासारखा दिसतो म्हणून फ्रिज किंवा पाण्याची मोटर लावून बघितली की वायंडिंग जळतं. नुसती भिजलेली मोटर वाळवून वार्निश करून वाचते, जळालेलीचं वायंडिंग पूर्ण नव्याने भरावं लागतं.

तुमच्यात दोन इलेक्ट्रिशियन असतील तर पंचवीस नवख्यांपेक्षा त्यांची वाट लोक जास्त बघतील. स्विच, सॉकेट, एमसीबी आणि वायरचं सामान पुण्यातूनच घेऊन या. पुरानंतर कोल्हापुरात या वस्तू आठवडाभर दुकानात शिल्लक नसतात.

साचा_आणि_शाडू:

कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात येणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. पूर येतो तो गणपतीच्या तोंडावर. कच्च्या शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळतात, प्लास्टरच्या फुगतात, रंग सुटतो. वर्षाचा धंदा त्यात असतो. भंगलेली मूर्तीसुद्धा कचरा म्हणून ट्रॉलीत टाकायची नाही, हातही लावायचा नाही. घरची माणसं ती विसर्जन करतात.

तुम्ही वाचवू शकता ते साचे. रबराचा साचा चिखलाने भरला तरी वाया जात नाही. साध्या पाण्यात बुडवून, मऊ ब्रशने बोटांच्या, सोंडेच्या, दागिन्यांच्या खाचांतला गाळ काढायचा आणि सावलीत, मूळ आकारात ठेवून वाळवायचा. उन्हात ठेवला तर रबर चिकट होऊन चिरतं. कोणत्या साच्याचं कवच कोणतं हे मालकाला विचारून जोडीने ठेवा. जोड्या चुकल्या की लावायला दिवस जातात. हळू हाताच्या चार मुली या कामाला दिल्या तर एका घराचा पुढचा हंगाम वाचेल.

तरुणसंघ_पुणे:

सगळ्यांचे मनापासून आभार. कपड्यांचा टेम्पो आणि पुस्तिका रद्द, दोन तुकड्या करणार, दोन इलेक्ट्रिशियन मंडळीतच आहेत त्यांना विचारतो. दोन शंका राहिल्या. परदेशी पाहुण्यांचं काय करावं? आणि घरातल्या कुणी स्वतःहून प्रार्थना करा म्हटलं तर?

पंचगंगा_घाट:

पाहुण्यांचं आधी. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. चर्चमध्ये उपासनेला बसणं चालतं, पण उपदेश करणं, पत्रकं वाटणं चालत नाही. मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. ई-पर्यटक व्हिसावर बिनमोबदल्याचं अल्पकाळचं सेवाकार्य, जास्तीत जास्त महिनाभराचं, हा हेतू मान्य आहे, पण तो अर्ज करतानाच निवडावा लागतो. ते ज्यांच्याकडे उतरतील त्यांनी 24 तासांत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरायची (पूर्वी याला सी फॉर्म म्हणत), चर्चचा हॉल किंवा कुणाचं घर असलं तरी. पाळकांना हे आधी सांगा, नाहीतर त्रास त्यांना होतो.

देणगी त्यांच्याकडून हातात घेऊ नका. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यावर घेता येते. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला पुढं देणंही बंद आहे. म्हणजे पुण्याच्या खात्यात घेऊन कोल्हापूरच्या मंडळीकडं वळवू, हा मार्ग नाही. ज्या नोंदणीकृत संस्थेचं स्वतःचं काम इथं चालू आहे तिलाच त्यांनी थेट पाठवावी. खरं तर तीन विमान तिकिटांच्या पैशात किती घरांची भांडी आणि वायरिंग होईल याचा हिशेब पाहुण्यांसमोर मोकळेपणाने मांडा. समजूतदार माणसं असतील तर स्वतःच ठरवतील.

प्रार्थनेबद्दल: तुमची सकाळची प्रार्थना मुक्कामाच्या ठिकाणी, कामावर निघण्याआधी. घरातल्या कुणी स्वतःहून मागितली तर त्या माणसासाठी, त्याच्या समोर, दोन मिनिटं, शांतपणे करा. पण वाटपाच्या वेळी नको, लोक जमवून नको, मोबाइलवर रेकॉर्डिंग तर अजिबात नको. आणि मागितली नाही म्हणून त्या घराचा गाळ कमी काढायचा नाही. एवढं तुकडीतल्या प्रत्येकाला निघण्याआधी तोंडी सांगा आणि पाळकांसमोर कबूल करून घ्या.

कुरुंदवाडी:

एक राहिलं, जनावरं. शिरोळ भागात येणार असाल आणि टेम्पो रिकामा राहिला असेल तर वैरण आणा. कडबा किंवा मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा). म्हशीला दिवसाला साधारण 15 ते 20 किलो ओला चारा आणि 5-6 किलो सुका लागतो, आणि पुरात दोन्ही जातं. मग लोक उसाचं नुसतं वाडं (शेंड्याकडचा हिरवा पाला) घालतात. त्यातल्या ऑक्झलेटने अंगातलं कॅल्शियम कमी होतं आणि दूध तुटतं. कडब्याच्या पेंढ्या ताडपत्रीखाली कोरड्या आणा. वाटेत भिजून बुरशी आलेला कडबा गाभण म्हशीला घातला तर ती गाभडते (गर्भ पडतो), तो गावात उतरवूच नका. वाटप दूध संस्थेच्या सचिवाकडून करा, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं आहेत ते त्याच्या वहीत असतं.